नदीकाठाची निळी रेषा

पिंपरी, पिंपळे, चिंचवड. ही नावे उच्चारताच पिंपळ, चिंच आणि वड डोळ्यांपुढे उभे राहतात. पवना व इंद्रायणी या दोन नद्यांमधील या शिवाराचे रूप अवघ्या दोन पिढ्यांत पालटले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले. कामगार आला, पण त्याला घर कोठे होते? तो प्रश्न सोडविण्यासाठी १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. १९८२ साली महानगरपालिका झाली, तरी घरांची गरज योजनांच्या पुढेच धावत राहिली. गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या आणि वस्ती नदीला जाऊन भिडली.

पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, ती निळी पूररेषा. तिच्या आत बांधकाम निषिद्ध असते. हा निर्बंध माणसाच्या सुरक्षिततेसाठी घातला गेला. पण त्याच पट्ट्यात वाळुंज व लव्हाळी वाढतात, बेडूक अंडी घालतात आणि काठाच्या मऊ मातीत खंड्या आपले बीळ कोरतो. काठावर भराव पडला, की पुराची वाट अडते आणि पाखरांचा निवाराही बुजतो.

चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये ते पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि १७ मे २०२५ रोजी छत्तीस बंगले जमीनदोस्त झाले. नदीला न्याय मिळाला. परंतु ज्यांनी आयुष्याची पुंजी त्या भिंतींत घातली होती, त्यांचे अश्रूही खोटे नव्हते. भूखंड पाडले जात होते, तेव्हाच ती रेषा जमिनीवर ठळक दिसली असती, तर नदीही वाचली असती आणि संसारही.

मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला. वनखात्याने त्याला बेशुद्ध करून सुखरूप पकडले. तो वाट चुकला, असे आपण म्हणालो. वाट त्याची होती की आपली, हे मात्र कोणी विचारले नाही. घर ही माणसाची गरज आहे, चैन नव्हे. म्हणूनच ते कोठे बांधू नये, हे पाया खणण्यापूर्वीच ठरले पाहिजे.