फकिरा का मेला नाही

कादंबरीतला माणूस अमर कसा होतो, यावर विद्वानांनी पुष्कळ कागद काळा केलाय. ते म्हणतात, पात्र सार्वकालिक हवं. जात, गाव, पोट सगळं वगळून जो उरतो तो खरा माणूस. आम्ही विचारतो, वगळल्यावर उरतं काय? ज्याला उभ्या जन्मात जात वगळता आली नाही, त्याची जात लेखकानं कशी वगळायची? इतिहास उलटं सांगतो. जी माणसं कागदावरनं उठून वस्तीत राहायला आली, ती आपली जात, आपलं काम, आपलं गाव सोबत घेऊनच आली. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीनं. लेखकानं त्या माणसाच्या हातात निर्णय दिला, का नुसतं दुःख दिलं?

तीन पुस्तकं आणि एक गोष्ट घेऊ. माणसं सगळी आपल्यातलीच.

पहिला बख्खा. मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ १९३५ साली लंडनला छापली गेली. इंग्रजीत. एकोणीस प्रकाशकांनी ती आधी नाकारली होती. बख्खा अठरा वर्षांचा भंगी, आणि कादंबरी त्याच्या एका दिवसाची. हा पोरगा लक्षात का राहतो? तो संडास साफ करतो म्हणून नाही. त्याला हौस आहे म्हणून. त्याला गोऱ्या सोल्जरासारखे कपडे पाहिजेत, हॉकी खेळायचीय, जिलेबी खायचीय. जिलेबी घेऊन चालला, एका सवर्णाला धक्का लागला, थोबाडीत बसली. तिथं आपल्याही गालावर वळ उठतो, कारण जिलेबीची गोडी आपल्याही जिभेवर असते. भूक सगळ्यांची सारखीच. हौस मात्र ज्याची त्याची. हौस दाखवली की माणूस दिसतो.

पण पुढं काय? दिवस मावळतो तेव्हा बख्खापुढं तीन वाटा ठेवल्यात. मिशनरी येशू सांगतो, गांधींचं भाषण होतं, आणि एक कवी फ्लशच्या संडासाचं यंत्र सांगतो. तिन्ही वेळा बोलणारे दुसरे, बख्खा ऐकणारा. महाडचं चवदार तळं १९२७ सालीच झालं होतं. हजारो बख्खांनी तिथं स्वतःच्या ओंजळीनं पाणी प्यालं होतं. त्या तळ्याची वाट या कादंबरीत नाही. आनंद यांनी पुढं सांगितलंय, की लहानपणी त्यांना दगड लागला तेव्हा एका भंग्याच्या पोरानं त्यांना उचलून घरी आणलं, आणि त्यांच्या आईनं त्या पोरालाच शिव्या दिल्या. म्हणजे लेखक हा उचललेला मुलगा. त्याची माया खरी आहे. पण खांद्यावर बसलेल्याला खालच्याचे पाय कुठं निघालेत ते दिसत नाही. आणि यंत्राचं म्हणाल तर १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, तरी आजही माणूस गटारात उतरतो आणि मरतो.

दुसरी गोष्ट प्रेमचंदांची ‘कफन’. हिंदीत १९३६ साली आली. घीसू आणि माधव, बापलेक, जातीनं चांभार. झोपडीत माधवची बायको बुधिया बाळंतपणात तडफडते आणि हे दोघं बाहेर बटाटे भाजून खातात. आत कुणी जात नाही, कारण गेलं तर दुसरा जास्त बटाटे खाईल. ती मरते. कफनासाठी गोळा केलेले पैसे हे दारूत घालतात. प्रेमचंद मोठा लेखक. राबणाराही जिथं भुकाच राहतो, तिथं हे दोघं कशाला राबतील, हे त्यानं स्पष्ट लिहिलंय. पण वाचणाऱ्याच्या मनात राहिला तो आळशी, निर्लज्ज चांभार. ओमप्रकाश वाल्मीकींनी या कथेवर कडक बोट ठेवलं ते उगाच नाही.

माझं म्हणणं मात्र बुधियाबद्दल आहे. त्या घरात दळण दळून, गवत कापून दोघांचं पोट भरणारी तीच एकटी. राबणारी तीच, आणि कथेत बोलणं नसलेलीही तीच. तिला फक्त कण्हणं दिलंय. म्हणून घीसू सगळ्यांना आठवतो, बुधिया कुणाला आठवत नाही. ज्याला लेखक बोलू देतो तोच उरतो, मग तो वाईट का असेना.

आता फकिरा. अण्णाभाऊ साठे १९२० साली वाटेगावला मांगवाड्यात जन्मले. शाळा दीड दिवसाची. मुंबईत येऊन गिरणीत राबले. १९५८ साली पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्‌घाटन त्यांनी केलं आणि १९५९ साली ‘फकिरा’ आली. फकिरा त्यांच्याच गावचा, खराखुरा होऊन गेलेला माणूस. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आख्खी जातच्या जात जन्मानं चोर ठरवली. हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. कायदा गेला १९५२ साली. त्या दप्तरात माणूस नव्हता, नुसती नोंद होती. अण्णाभाऊंनी त्या नोंदीतनं माणूस बाहेर काढला.

कसा काढला ते बघा. फकिराचा बाप जोगणी आणताना मारला जातो. पुढं मारणारा खोत फकिराच्या हाती सापडतो. तेव्हा फकिरा त्याचा जीव घेत नाही, हात तोडून सोडून देतो. दुष्काळात माणसं मरायला लागतात तेव्हा तो धान्य लुटतो आणि वाटतो. शेवटी सरकार त्याच्या माणसांना कोंडतं तेव्हा स्वतः जाऊन हजर होतो. प्रत्येक वळणावर निर्णय त्याचाच. तो रडतोही, पण रडून थांबत नाही.

टीकाकार म्हणाले, भडक आहे, स्वप्नाळू आहे. असेल. पण अण्णाभाऊ शाहीर होते. १९४४ साली अमर शेख, गवाणकर यांच्यासंगती त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वगात पात्रानं काही केलं नाही तर पब्लिक उठून जातं, हे त्यांना टीकाकारांच्या आधी ठाऊक होतं.

मग निर्णय म्हणजे तलवारच का? नाही. बाबुराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ दिलं. त्यातल्या नायकाच्या हातात तलवार नाही. रेल्वेत नोकरी करायला परमुलखात गेलाय आणि जात लपवून राहतोय. त्याचा निर्णय भित्रा आहे, पण त्याचाच आहे. त्याच्या शेजारी काशीनाथ आहे, जात न लपवणारा. एकाचं भय आणि दुसऱ्याची छाती शेजारी शेजारी ठेवली, आणि वाचणारा स्वतःला विचारतो, मी यातला कोण? भाड्याची खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारतात, तोवर ती कथा जुनी व्हायची नाही.

म्हणून लिहिणाऱ्या दोस्तांनो, आपल्या माणसांवर लिहिताना नुसतं रक्त आणि आसवं नकोत. दया दाखवायला दुसरे पुष्कळ बसलेत. त्याची हौस लिहा. त्याच्या हाताचं काम नीट बघून लिहा. तो कुठं झुकला आणि कुठं झुकला नाही, ते लिहा.

आमच्या सूतगिरणीत रात्रपाळीला एक मावशी आहे, सुताचा कचरा झाडते. तिच्यावर कविता करायची म्हटली की पहिल्यांदा तिचा खोकलाच सुचतो. पण तिनं एकदा मुकादमाला सगळ्यांसमोर ‘नाही’ म्हटलं होतं. कशावरनं म्हटलं, कोणत्या शब्दांत म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर कशी आली, हे लिहिल्याशिवाय ती कागदावर उभी राहायची नाही.