अंबादेवीचे द्वार आणि वऱ्हाडाची स्मृती

महाराष्ट्रातील समतेच्या लढ्याचा इतिहास सांगताना 1927 या वर्षातील महाडच्या दोन घटना, म्हणजे 20 मार्चचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि 25 डिसेंबरचे मनुस्मृतिदहन, आवर्जून सांगितल्या जातात. परंतु या दोहोंच्या मध्ये, 13 नोव्हेंबर रोजी, अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. पुण्याच्या पर्वती मंदिराचा 1929 चा आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा 1930 चा सत्याग्रह व्हायचा होता, त्याआधीच मंदिरप्रवेशाचा प्रश्न वऱ्हाडात ऐरणीवर आला होता.

या प्रश्नाच्या केंद्रस्थानी अमरावतीचे अंबादेवी मंदिर होते. रुक्मिणीहरणाची कथा लोकपरंपरेने ज्या देवळाशी जोडली, त्याच देवळाचे द्वार अस्पृश्य मानलेल्या भाविकांना बंद होते, आणि ते उघडण्याच्या चळवळीत डॉ. पंजाबराव देशमुख अग्रभागी होते. परिषदेच्या वेळीच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता आली असतानाही आंबेडकरांनी कामकाज थांबू दिले नाही. हिंदू धर्माच्या घडणीत वाल्मीकी, चोखामेळा आणि रोहिदास यांचाही वाटा असल्यामुळे मंदिरावर सर्वांचा सारखाच अधिकार आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. देवस्थानच्या पंचांशी वाटाघाटी करण्यास अवधी मिळावा म्हणून सत्याग्रह, म्हणजेच अन्यायाविरुद्धचा अहिंसक प्रतिकार, पुढे ढकलण्यात आला. चळवळीचा प्रभाव मात्र देवळाच्या उंबऱ्यापुरता राहिला नाही, कारण 1928 मध्ये जिल्हा कौन्सिलचे, म्हणजे ग्रामीण भागाचा कारभार पाहणाऱ्या लोकनियुक्त संस्थेचे, अध्यक्ष झाल्यावर पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. मध्यप्रांत व वऱ्हाडात मंदिरप्रवेशाचा कायदा 1947 मध्ये झाला आणि राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. ज्या संविधान सभेने तो अनुच्छेद स्वीकारला, तिचे आंबेडकर आणि पंजाबराव हे दोघेही सदस्य होते.

अशा लढ्यांची स्मृती जपण्याच्या दोन रीती महाराष्ट्रात दिसतात. नागपूरजवळील चिचोली येथील शांतिवनात आंबेडकरांच्या वापरातील वस्तू जतन केल्या असल्याने तेथे व्यक्तीचे जीवन समोर येते, तर महाडच्या राष्ट्रीय स्मारकाला संघर्षभूमीचे सान्निध्य लाभल्यामुळे तेथे घटना जागी होते. अमरावतीचा लढा मात्र वस्तूंपेक्षा शब्दांत अधिक उरला आहे. तो परिषदेच्या ठरावांत आहे, ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाच्या अंकांत आहे आणि स्थानिक कारभाराच्या दप्तरांत आहे. अकोल्यात 1969 मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ पंजाबरावांचे नाव चालवते आणि अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांचे शैक्षणिक कार्य पुढे नेते; त्यामुळे शेतकऱ्यांचे नेते आणि शिक्षणमहर्षी म्हणून ते वऱ्हाडात घरोघरी परिचित आहेत, पण देवळाच्या आणि विहिरीच्या हक्कासाठी उभे राहिलेले पंजाबराव या कीर्तीच्या मागे झाकले जातात.

वऱ्हाडातील कोणत्याही स्मृतिसंग्रहालयाने हीच बाजू ठळकपणे मांडणे अगत्याचे आहे. ठराव, नियतकालिके आणि विहिरींविषयीचे हुकूम एकत्र मांडले, तरच शेती, शिक्षण आणि समता ही तीन वेगळी कार्ये नसून एकाच सामाजिक न्यायाच्या विचारातून ती उभी राहिली होती, हे पुढच्या पिढ्यांना पुराव्यानिशी कळेल.