नर्मदेच्या मुखावरचे नावाडी

बडोद्यातल्या आम्हा जुन्या मराठी घरांसाठी नर्मदा म्हणजे गरुडेश्वर. टेंबे स्वामींनी 1914 साली तिथे देह ठेवला. दर्शनाला जाण्याचा परिपाठ आमच्या घरात अजून चालू आहे. लहानपणी त्या घाटावर मी कितीतरी वेळा पाय बुडवून बसलो असेन, पण हे पाणी पुढे कुठे जातं हा प्रश्न काही पडला नाही. तो पडला आजोबांची परिक्रमेची वही हाती आली तेव्हा.

परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही, हा नियम. म्हणून नदी जिथे खंभातच्या आखाताला मिळते तिथे समुद्रातून वळसा घालावा लागतो. दक्षिण तीरावर विमलेश्वरच्या बाजूला नावेत बसायचं आणि उत्तर तीरावर मिठी तलाईला उतरायचं. आजोबांनी धर्मशाळा, सदावर्तं, कुठे कोणी काय जेवू घातलं, सगळं तारीखवार लिहिलंय. या समुद्रप्रवासाला मात्र चारच ओळी. भरतीची वाट पाहिली, नावाड्याने हाक दिल्यावर चढलो, पाणी तोंडाला खारट लागलं, पहाटे उतरलो. झालं. सदावर्त चालवणाऱ्यांची नावं वहीत आहेत, नावाड्याचं नाही.

हा नावाडी म्हणजे एरवीचा मच्छीमार. आणि गंमत अशी की भरूचच्या लिखित इतिहासात तो फार आधीपासून आहे. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं, ग्रीक भाषेतलं, दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक. त्यात भरूचला ‘बॅरिगाझा’ म्हटलंय. लेखक सांगतो की किनारा सखल, वाळूचे दांडे जागोजाग, त्यामुळे नदीचं तोंड सापडणंच कठीण. सापडलं तरी उधाणाच्या पाण्याचा लोंढा जहाजं उलथवतो. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या नावा घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजं भरतीच्या हिशेबाने ओढून बंदरात आणत. त्यांच्या नावांचे दोन प्रकारही तो देतो : त्रप्पग आणि कोटिंब. त्यात आलेला राजा म्हणजे नहपान, असं अभ्यासक मानतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांमुळे हे नाव आपल्या ओळखीचं आहे. भरूचच्या व्यापारावर आपण भरभरून बोलतो, पण ती जहाजं आत आणणारे हात मच्छीमारांचे होते.

त्यांचं स्वतःचं जगणं उभं होतं ते मुख्यतः एका माशावर. आपण त्याला पाला म्हणतो, बंगाली लोक इलिश. हा मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला गोड्या पाण्यात येतो. पावसाळ्यात नदीला पूर आला, गोड्या पाण्याचा लोट समुद्रात दूरवर गेला की त्या खुणेवर तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो. पिल्लं पुढे समुद्राकडे परततात. भाडभूतकडचे मच्छीमार या हंगामाची सुरुवात देवपोढी अगियारसला करतात. नर्मदेला दूध वाहतात, चुनडी नेसवतात आणि जाळी टाकायला निघतात. देवपोढी अगियारस म्हणजे आपली आषाढी एकादशी! आम्ही घरी साबुदाणा खात असतो त्याच दिवशी नदीच्या मुखावर वर्षाचा पहिला फेरा निघतो. मला हे कळायला साठी उलटावी लागली.

आता हिशेबाचं सांगतो. नर्मदेच्या पाण्याचा तंटा सोडवायला 1969 साली लवाद नेमला गेला. 1979 च्या निवाड्यात 28 दशलक्ष एकर-फूट पाणी वाटलं गेलं : मध्य प्रदेशाला 18.25, गुजरातला 9, राजस्थानला 0.5 आणि महाराष्ट्राला 0.25. बेरीज चोख जुळते. पण धरणाखालच्या नदीला आणि मुखाला तीत वेगळा वाटा नाही. 1992 साली मोर्स समितीने आपल्या अहवालात नेमकं हेच दाखवलं. धरणाखाली काय होईल याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही आणि पाल्याची मासेमारी धोक्यात आहे, असं तिने बजावलं होतं. 2017 साली सरदार सरोवराचे दरवाजे बंद झाले. वरून येणारं गोडं पाणी आटलं की भरतीचं खारं पाणी आत शिरतं. विहिरी आणि शेतं त्यात सापडतात.

त्या खाऱ्या पाण्याला अडवण्यासाठी आता भाडभूतजवळ नदीवर आडवा बंधारा बांधला जातोय. त्याची पायाभरणी 2017 चीच. शेतकऱ्याची आणि शहराची गरज खोटी नाही, हे मान्यच करायला हवं. पण जो दरवाजा खारं पाणी बाहेर ठेवतो तो माशालाही बाहेर ठेवू शकतो. माशांसाठी वाट ठेवण्याची योजना आहे. मच्छीमारांचा प्रश्न साधा आहे : ती वाट पाल्याला सापडेल का? त्यांनी विरोध केला आणि हरित लवादापर्यंत धावही घेतली.

आपलं इतिहास मंडळ यात काय करणार, असं कुणी विचारेल. पाणी सोडणं आपल्या हाती नाही, पण नोंद करणं आहे. बडोदा, इंदूर, पुणे, नाशिक, किती मराठी घरांत परिक्रमेच्या वह्या पडून असतील! त्यांतली मुखाजवळची पानं काढा. नाव कुठून सुटली, किती वेळ लागला, पाणी कुठे खारट लागलं, नावाडी कोण होता, जाळ्यात काय दिसलं. तारखेसकट अशा पन्नास नोंदी जमल्या तर मुखाचं गेल्या शतकातलं चित्र उभं राहील. लवादाच्या कागदात जे आलं नाही, ते निदान आपल्या कागदात येईल.

आजोबांची वही मी मंडळाकडे दिली आहे. नावाड्याच्या नावाची जागा मात्र कोरीच आहे. तुमच्या घरच्या वहीत कदाचित ते सापडेल.