‘द बर्थ ऑफ अ नेशन’ : तळटीप

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा १९१५चा मूकपट. आधार टॉमस डिक्सन यांच्या ‘द क्लॅन्समन’ (१९०५) या कादंबरीचा. मूळ मजकुराच्या लेखकाने इथे केवळ या पटाच्या तंत्राची वाखाणणी केली आहे, म्हणून ही पुस्ती जोडणे भाग आहे. अमेरिकी यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. त्या काळाला हा पट अनागोंदी ठरवतो आणि कू क्लक्स क्लॅन या गौरवर्चस्ववादी संघटनेच्या झुंडींना तारणहार. गस या कृष्णवर्णीय पात्राचे काम चेहरा काळा रंगवलेल्या गोऱ्या नटाने केले आहे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी हा पट व्हाइट हाउसमध्ये पाहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर क्लॅन नव्याने उभी राहिली. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने अनेक शहरांत या पटाविरुद्ध निदर्शने केली.

पडद्यावरचे उत्तर कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांच्या ‘विदिन अवर गेट्स’मध्ये (१९२०) पाहावे. त्यात निरपराध कुळाला आणि त्याच्या बायकोला गोरी झुंड ठार मारते आणि त्याच दृश्यात आलटून पालटून, त्यांच्या मानलेल्या मुलीवर एक गोरा माणूस हात टाकताना दिसतो. म्हणजे ग्रिफिथ यांचेच संकलनतंत्र, पण आरोपी बदललेला. ही फिल्म हरवली असे अनेक दशके मानले जाई. तिची प्रत पुढे स्पेनमध्ये सापडली.