कॅम्प्टोथेसिनची कुळकथा

कॅम्प्टोथेसिन हे मूळ एका चिनी वृक्षात सापडलेले अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींत तयार होणारे आणि अल्प मात्रेतही प्राणिशरीरावर तीव्र परिणाम करणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य होय. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगावर आज दिली जाणारी टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधे याच द्रव्यात थोडे फेरफार करून तयार झालेली असल्याने, त्याचे कूळ पाहणे म्हणजे पेशीतील डीएनएला जखम करून रोग आवरण्याच्या एका पद्धतीचे कूळ पाहणे आहे. आणि त्या कुळाचा एक धागा खानदेशात पोहोचतो.

मन्सुख वाणी यांचा जन्म 1925 साली नंदुरबार येथे झाला. त्या काळी नंदुरबार पश्चिम खानदेशात मोडत असे. मुंबई विद्यापीठात शिक्षण घेऊन वाणी अमेरिकेत गेले आणि इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यावर 1962 साली उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. ‘कॅम्प्टोथेका’ या चिनी वृक्षाच्या अर्कात कर्करोगविरोधी गुण असल्याचे वॉल यांना आधीच आढळले होते. त्या अर्कातून नेमके द्रव्य वेगळे करून त्याची रचना या गटाने 1966 साली प्रसिद्ध केली. वृक्षाचे नाव ‘वाकलेला’ आणि ‘कोश’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून घडले आहे आणि द्रव्याने तेच नाव पुढे चालवले.

ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे त्याचे सोडियम क्षाररूप करून 1970च्या दशकाच्या प्रारंभी रुग्णांना देण्यात आले. परंतु या रूपात रेणूतील एक कडे उघडते आणि त्याची शक्ती जाते, तर मूत्राच्या आम्लधर्मामुळे तेच कडे पुन्हा जुळून औषध भलत्याच ठिकाणी, म्हणजे मूत्राशयात, प्रखर होते. परिणामी गाठीवर गुण थोडा आणि मूत्रमार्गातून रक्तस्राव फार, असे घडून चाचण्या थांबल्या. याच सुमारास, 1972 साली, मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी सह्याद्रीतील नरक्या या झाडात हेच द्रव्य असल्याचे प्रसिद्ध केले. या झाडाच्या जुन्या शास्त्रीय नावातील ‘फीटिडा’ या शब्दाचा अर्थ दुर्गंधी असा आहे आणि मराठी नावही त्याच अर्थाकडे झुकते.

हे द्रव्य पेशीत नेमके काय करते, याचा उलगडा 1985 साली झाला. तो समजण्यासाठी सुताचे उदाहरण घेता येईल. खानदेशातील धरणगावात सतराव्या शतकात इंग्रजांनी कापडासाठी वखार घातली होती आणि आसपासची जमीन आजही कापसाची आहे; अशा मुलखात दुपदरी सुताचा पीळ उलगडताना काय होते, हे कोणालाही ठाऊक असते. पदर एका टोकाने वेगळे करत गेले, की पीळ पुढे सरकून साचतो आणि सुताला गुंते पडतात. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएच्या दुपदरी धाग्याची नक्कल होताना हीच अडचण येते. ती दूर करण्यासाठी टोपोआयसोमरेज-एक हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, एक पदर कापून पीळ मोकळा करते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन त्या कापात जाऊन बसते आणि सांधणी अडवते. नक्कल करणारी यंत्रणा अशा उघड्या कापावर येऊन आदळली, की दोन्ही पदर तुटतात. याचा अर्थ, जी पेशी वेगाने नकला करते तिलाच हा घाव अधिक लागतो.

न्यूरोब्लास्टोमा हे नाव जेम्स होमर राइट यांनी 1910 साली रूढ केले. गर्भावस्थेत मज्जातंतूंच्या एका शाखेला जन्म देणाऱ्या अपक्व पेशींतून ही गाठ उद्भवते आणि पुष्कळदा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत दिसते. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतील असतात. सुमारे पाचव्या हिश्श्याच्या गाठींत एमवायसीएन या जनुकाच्या प्रती प्रमाणाबाहेर वाढलेल्या असतात. या जनुकामुळे पेशी नकलांची घाई करते, त्या घाईत डीएनएवर ताण येतो, आणि तो ताण सांभाळणाऱ्या एटीआर व सीएचके-एक या रक्षक प्रथिनांवर ती अधिकाधिक विसंबू लागते. म्हणूनच या रक्षकांना रोखणारी औषधेही आता अभ्यासली जात आहेत.

तथापि घाव झाला म्हणजे पेशी मरते, असे नाही. घावाची वार्ता पी-53 या प्रथिनापर्यंत जाते आणि विभाजन थांबवून दुरुस्ती करायची की पेशीने आत्मनाश पत्करायचा, हे मुख्यत्वे त्याच्या कार्यावर ठरते. प्रौढांच्या अनेक कर्करोगांत पी-53 प्रारंभीच बिघडलेले असते, तर न्यूरोब्लास्टोमात निदानाच्या वेळी ते बहुधा शाबूत असते; त्यामुळे पहिल्या उपचारांनी गाठ पुष्कळदा झपाट्याने आटते. रोग उलटल्यावर मात्र पी-53च्या मार्गात बिघाड अधिक वेळा आढळतो, कारण मागील औषधांतून वाचलेल्या पेशींत घावाची हाक न ऐकणाऱ्या पेशीच पुढे वाढतात. तेव्हा औषधाचे सामर्थ्य केवळ तुटलेल्या पदरांत नसून, ती तूट ऐकणाऱ्या पेशीतही असते.

टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन यांना अमेरिकेत 1996 साली प्रौढांच्या कर्करोगांसाठी मान्यता मिळाली आणि पुढे त्यांचा उपयोग बालरुग्णांत, विशेषतः उलटलेल्या न्यूरोब्लास्टोमात, इतर औषधांच्या जोडीने होऊ लागला. वाणी यांचे निधन 2020 साली झाले. त्यांच्या रेणूची प्रयोगशाळेत संपूर्ण घडण शक्य असली, तरी औषधनिर्मितीसाठी लागणारे मूळ द्रव्य आजही मोठ्या प्रमाणावर झाडांपासूनच घेतले जाते, आणि त्या मागणीपायी सह्याद्रीतील नरक्याची चोरटी तोड होत आली आहे.