विजयपुरी : पाण्याखालचे नगर, पाण्यावरचे बेट



महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा हैदराबादपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर नागार्जुनसागरात अडविली गेली आहे. त्या विस्तीर्ण जलाशयात एक लहानसे बेट दिसते. तेथे कायमची मनुष्यवस्ती नाही. लोक नावेने जातात, संग्रहालय पाहतात आणि दिवस मावळण्यापूर्वी परततात. इतिहासाच्या मानाने हे बेट अगदी कालचे. धरणापूर्वी ती नागार्जुनकोंडा नावाची टेकडी होती, आणि तिच्या पायथ्याच्या खोऱ्यात एका राजधानीचे अवशेष पसरले होते.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता मावळल्यावर इक्ष्वाकु राजांनी येथे विजयपुरी वसविली. पहिला चांतमूल हा वैदिक यज्ञांचा कर्ता. त्याच्या अश्वमेधाचा उल्लेख लेखांत अभिमानाने येतो. त्याच घराण्यातील स्त्रिया मात्र बौद्ध संघाच्या उपासिका होत्या. चांतमूलाची बहीण चांतिसिरी हिने वीरपुरुषदत्ताच्या सहाव्या राज्यवर्षी महाचैत्य उभारविले. त्याच चैत्याला स्तंभ अर्पण करणारी राणी रुद्रधरभट्टारिका उज्जयिनीच्या राजकुळातील होती. बोधिसिरी नावाच्या उपासिकेच्या लेखात काश्मीर, गांधार, चीन, अपरान्त अशा दूरदूरच्या देशांची नावे येतात. अपरान्त म्हणजे आपले कोकण. राजांच्या पराक्रमापेक्षा स्त्रियांच्या दानांतूनच हे नगर आपल्याशी अधिक बोलते.

या लेखांपैकी बहुतेकांची भाषा प्राकृत आहे. सातवाहनांच्या पैठणशी आणि नाशिकच्या लेण्यांशी तिचे नाते मराठीच्या अभ्यासकाला सहज ओळखू येते. आभीर राजा वसुषेणाच्या कारकिर्दीतील एका लेखात येथील अष्टभुजस्वामी विष्णूचा उल्लेख आहे, तर आभीर ईश्वरसेनाचा लेख नाशिकला आहे. म्हणून आंध्रभूमीतील हा इतिहास आपणांस सर्वस्वी परका नाही.

१९२६ साली हे अवशेष अभ्यासकांच्या नजरेस आले. १९२७ ते १९३१ या काळात लाँगहर्स्ट यांनी उत्खनन केले. शिलालेखांचे वाचन फोगेल यांनी प्रसिद्ध केले. पुढे धरणाची योजना आली. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. तत्पूर्वीच, १९५४ मध्ये, रा. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खात्याने सारे खोरे खणावयास घेतले होते. १९६० पर्यंत शंभराहून अधिक स्थळे उघड झाली : अश्मयुगीन हत्यारांपासून विहार, देवळे, नदीकाठचा घाट आणि पायऱ्यांच्या प्रेक्षागारापर्यंत. निवडक वास्तूंचे दगड उचलून टेकडीवर आणि काठावरील अनुपू येथे पुन्हा रचण्यात आले. १९६६ साली बेटावरील संग्रहालय खुले झाले, आणि १९६७ साली कालव्यांतून पाणी वाहू लागले.

या निर्णयाचा न्याय करणे सोपे नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवे होते, आणि त्याची भूक कोणत्याही स्तूपापेक्षा कमी पवित्र नव्हती. परंतु जे गेले त्याचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. दगड वाचले, पण स्थान बुडाले. विहारातून घाटाकडे जाणारी वाट, देवळापासून चैत्याचे अंतर, नगराचा नदीशी असलेला शेजार, हे सारे उचलून नेता येत नाही. खोऱ्यातील गावकरीही उठले. त्यांच्या घरांसाठी कोणी संग्रहालय उभारले नाही.

असेच प्रसंग आपल्याकडेही आले. गोव्यात साळावली धरणामुळे कुर्डीचे महादेव मंदिर अन्यत्र उभारावे लागले; उजनीच्या पाण्यात पळसदेवचे मंदिर बुडाले, ते पाणी ओसरले की दिसते. विजयपुरीचे वेगळेपण असे की तेथे पाणी येण्यापूर्वी खणले गेले, मोजले गेले, नोंदले गेले. आज त्या नगराविषयी आपण जे बोलू शकतो, ते त्या सहा वर्षांच्या श्रमांमुळे.

माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या गावची देवळे, वीरगळ, जुने वाडे, घरातील मोडीची दप्तरे यांच्यावर पाणी येईलच असे नाही. विस्मरण मात्र निश्चित येईल. त्याच्या आधी नोंद करा.