धनुष्यबाणाने हिंस्र श्वापदांची शिकार आणि मर्मस्थानाची निवड : इशी ते सॅक्स्टन पोप (१९११ ते १९२६)

प्रस्तावना :

शिकारीच्या इतिहासात शस्त्रांची चर्चा विपुल झाली आहे. परंतु श्वापदाच्या शरीरावर नेम कोठे धरावा, या प्रश्नाकडे इतिहासाच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. मर्मस्थान ही केवळ प्राण्याच्या शरीररचनेने ठरणारी गोष्ट आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील एका उदाहरणाच्या आधारे या गृहीतकाची तपासणी केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि गोऱ्या वसाहतकारांचा लोंढा तेथे आला. त्यानंतरच्या दोन दशकांत उत्तर कॅलिफोर्नियातील याही या लहानशा आदिवासी जमातीची कत्तल झाली. उरलेली मोजकी माणसे डोंगरदऱ्यांत लपून राहिली. ऑगस्ट १९११ मध्ये त्यांच्यापैकी शेवटचा पुरुष ओरोव्हिल गावाजवळ एकटाच आढळला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला 'इशी', म्हणजे त्याच्याच भाषेत 'माणूस', असे नाव दिले. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याची राहण्याची सोय झाली. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप हे त्याचे डॉक्टर, मित्र आणि धनुर्विद्येतील शिष्य झाले.

याही पद्धती :

इशीचे धनुष्य ओढण्यास सुमारे ४५ पौंड जोर लागे. बाणाला ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य काचेचे टोक असे. हरणाची शिकार दडून बसून, आवाज काढून त्याला जवळ बोलावून, सामान्यतः १० ते ५० यार्डांवरून होई. अस्वलाची शिकार मात्र एकट्याची नव्हती. पोप यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या याही धनुर्विद्येवरील प्रबंधात इशीने सांगितलेली रीत नोंदविली आहे. त्यानुसार शिकारी अस्वलाभोवती आगीचे कडे करीत आणि चहूबाजूंनी बाण मारीत. नेम शक्यतो उघड्या तोंडावर धरला जाई. अस्वल एखाद्यावर धावून आलेच, तर तो जळत्या कोलिताने स्वतःचा बचाव करी आणि तेवढ्यात इतरांचे बाण चालू राहत. अनेक जखमा, रक्तस्राव आणि दमणूक यांमुळे जनावर कोसळे. जाड कातडे, चरबी व हाडे भेदण्यास हलके धनुष्य अपुरे पडेल, याची जाण या निवडीमागे दिसते. अंतर्गत इंद्रियांपर्यंत पोहोचण्याची वाट म्हणून तोंड निवडले गेले. आणि तोंडासमोर उभे राहण्याचे धैर्य समूहामुळे शक्य झाले.

शल्यचिकित्सकाची दृष्टी :

इशीचे २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने निधन झाले. पुढे पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांनी अनुक्रमे सुमारे ७५ व ८५ पौंडांची धनुष्ये आणि रुंद पोलादी पात्यांचे बाण वापरले. बंदुकीची गोळी आघाताने मारते, तर बाण प्रामुख्याने रक्तस्रावाने मारतो, हे तत्त्व पोप यांच्या विवेचनात केंद्रस्थानी आहे. म्हणून त्यांच्या पद्धतीत नेम छातीच्या पोकळीवर आला. जनावर आडवे उभे असताना खांद्याच्या मागे, बरगड्यांमधून बाण फुप्फुसात किंवा हृदयात जावा, अशी ही निवड होती. खांद्याचे हाड, समोरून दिसणारी उरोस्थी आणि अस्वलाची उतरती कवटी या जागा बाण अडवतात किंवा घसरवतात. शिवाय योग्य जागी बाण लागला तरी जनावर तत्काळ पडत नाही. त्या मधल्या काही क्षणांतच शिकाऱ्याच्या जिवाला खरा धोका असतो.

१९२० मध्ये दोघांनी कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीसाठी यलोस्टोन येथे ग्रिझली अस्वले मारली. नेड फ्रॉस्ट हा वाटाड्या तेव्हा बंदूक घेऊन सोबत होता. १९२५ मध्ये टांगानिकात सिंहांची शिकार करतानाही स्ट्युअर्ट एडवर्ड व्हाइट यांच्या बंदुकीचा आधार काही प्रसंगी घ्यावा लागला. याही शिकाऱ्यांचे संरक्षण कोलीत आणि सोबती करीत. पोप यांचे संरक्षण बंदूक करीत होती. 'एकट्या धनुर्धराचा पराक्रम' ही प्रतिमा या तपशिलापुढे टिकत नाही.

या घटनाक्रमातील विसंगतीही लक्षणीय आहे. १९११ मध्ये, म्हणजे इशी आढळला त्याच वर्षी, कॅलिफोर्नियाने ग्रिझलीचे चित्र असलेला राज्यध्वज अधिकृतपणे स्वीकारला. तथापि १९२० मध्ये संग्रहालयासाठी अस्वले आणण्यास शिकाऱ्यांना राज्याबाहेर जावे लागले, आणि त्याच दशकात ग्रिझली कॅलिफोर्नियातून नामशेष झाले. ज्यांनी ते अस्वल आगीच्या कड्यात रोखले होते ती जमात बंदुकीने संपविली. अस्वलही तिनेच संपविले. स्वतः इशीचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर काढून स्मिथसोनियन संस्थेकडे पाठविण्यात आला होता. तो २००० मध्ये संबंधित आदिवासी समूहांना परत मिळाला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, मर्मस्थानाची निवड प्राण्याच्या शरीराबरोबरच धनुष्याची ताकद, बाणाचे पाते, शिकाऱ्यांची संख्या आणि संरक्षणाचे साधन यांवर अवलंबून असते. याही लोकांचे तोंडावर नेम धरणे हे अज्ञान नव्हते. ते त्यांच्या साधनांशी सुसंगत असे ज्ञान होते. पोप यांनी त्या ज्ञानाला शल्यशास्त्राची जोड दिली आणि १९२३ मधील आपल्या ग्रंथाद्वारे आधुनिक धनुर्धारी शिकारीचा पाया घातला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या शिकारी संघटनेला पोप आणि यंग यांची नावे मिळाली. इशीचे नाव त्यात नाही. धनुर्विद्येचा इतिहास लिहिताना गुरूची ही जागा भरून काढणे आवश्यक आहे.